रसनेचा कारभार

पुण्याहून नाशकास आणि कल्याणहून नगरास जाणारे हमरस्ते जेथे एकमेकांस छेदतात त्या आळेफाट्याच्या मुलखात, ज्ञानेश्वर महाराजांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले अशी भाविकांची श्रद्धा आहे त्या रेड्याची समाधी जेथे आहे त्या आळे गावच्या पंचक्रोशीत, पाहुण्यापुढे मासवडीचे ताट येते. बेसनाच्या मऊ वेष्टनात तीळ, सुके खोबरे, कांदा व लसूण यांचे खमंग सारण, शेजारी झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी आणि लिंबाची फोड. मुलांनो, यातला पहिला घास तोंडात पडताच ‘वा!’ असा उद्गार निघतो आणि त्याचे सारे श्रेय आपण जिभेला देऊन मोकळे होतो. वस्तुतः तो निवाडा जीभ एकटी करीत नाही.

आरशासमोर जीभ बाहेर काढून पाहा. तिच्या शेंड्याकडे जे लालसर, वाटोळे उंचवटे दिसतात, त्यांच्या अंगात रुचिकलिका दडलेल्या असतात. अशा काही हजार कलिका मुखात असून, प्रत्येकीत सुमारे 50 ते 100 पेशी असतात आणि त्या साधारणपणे दहा दिवसांत जुन्या होऊन त्यांची जागा नव्या घेतात. अन्नातील द्रव्ये लाळेत विरघळली म्हणजेच ती या पेशींपर्यंत पोहोचतात आणि मग मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे वर्दी जाते. जीभ कोरडी पुसून तिच्यावर साखरेचा कण ठेवला, तर लाळ सुटेपर्यंत गोडी कळत नाही, ती याच कारणाने.

ही वर्दी मुख्यत्वे पाच प्रकारची असते. गोड चव शक्ती देणाऱ्या अन्नाची ग्वाही देते, खारट चव शरीरास आवश्यक अशा क्षाराची, आंबट चव आम्लाची, तर कडू चव विषाची शंका घेऊन सावध करते. पाचवी चव ‘उमामी’. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 साली कोंबू नावाच्या समुद्रशैवालाच्या कढणातून तिचे मूळ, म्हणजे ग्लुटामेट, शोधून काढले. नारायणगावच्या बाजारात ज्याचे ढीग लागतात त्या टोमॅटोतही, तो पिकत जातो तसतसे, हेच द्रव्य वाढत जाते. शेंड्याला गोड व मुळाशी कडू असा जिभेचा जो नकाशा पुस्तकांतून छापला गेला, तो मात्र खरा नव्हे. पाचही चवी जिभेच्या सर्व रुचिकलिकायुक्त भागांना कळतात.

मग आपल्या पूर्वजांच्या षड्रसांतील तिखट आणि तुरट कोठे गेले? मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य, सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखणाऱ्या तंतूंनाच चेतविते, म्हणून रश्श्याने तोंड ‘भाजते’. हे रहस्य 1997 साली उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पक्ष्यांचे तंतू या द्रव्याला दाद देत नाहीत, म्हणून पोपट मिरची सुखाने खातो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरांत आदिवासी बांधव जो हिरडा गोळा करतात, तो चघळला तर त्यातील टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून टाकते आणि तोंड आवळून येते. तिखट ही अशी दाहाची वेदना, तुरट हा प्रामुख्याने स्पर्श. आयुर्वेदाने केवळ रुचिकलिकांचा नव्हे, तर संपूर्ण मुखाच्या अनुभवाचा हिशेब मांडला, म्हणून त्याची गणना सहावर गेली. दोन्ही गणना आपापल्या जागी सार्थ आहेत.

सर्वांत मोठा वाटेकरी मात्र नाक. नाक चिमटीत धरून वेलदोडा घातलेला गूळ चावा. नुसते गोड लागेल. चिमटी सोडताच वेलदोडा प्रकट होईल, कारण त्याचा गंध घशामागील वाटेने नाकात चढतो. पडसे झाल्यावर जेवण बेचव लागते ते यामुळेच.

शिवाय सर्वांच्या जिभा सारख्या नसतात. 1931 साली आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एका द्रव्याची भुकटी उडाली. सहकाऱ्याला ती अतिशय कडू लागली, फॉक्स यांना तिची चवच कळली नाही. हा भेद आनुवंशिक असल्याचे पुढे सिद्ध झाले. तेव्हा धाकट्या भावंडाला कारले आपल्यापेक्षा अधिक कडू लागत असेल, तर त्याला लबाड ठरवू नये; आणि त्यानेही एका घासावरून कारल्याला कायमचे हद्दपार करू नये, कारण थोडे थोडे, पुनःपुन्हा चाखल्याने नावडते अन्नही अनेकदा आवडू लागते.