ट्रेलर थांबतो कसा?

पालघरहून बोईसरकडे जाताना वाटेत उमरोळी लागते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे या परिसरात अवजड मालाच्या ट्रेलरांची ये-जा नेहमीचीच. एवढे ओझे चालकाच्या पायाच्या दाबाने थांबते. ते कसे थांबते, आणि एखादे वेळी का थांबत नाही, हे आपण पाहू.

मालासह ४० टनांचा ट्रेलर ताशी ६० किलोमीटर वेगाने चालला आहे असे समजा. वेगाच्या वर्गाला वस्तुमानाने गुणून निम्मे केले की त्याची गतिज ऊर्जा मिळते. ती येते सुमारे ५५ लाख ज्यूल. गाडी थांबताना ब्रेक या ऊर्जेचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर करतात. तेवढ्या उष्णतेने ३० अंश सेल्सिअस तापमानाचे जवळजवळ १९ लिटर पाणी १०० अंशांपर्यंत तापेल!

चाकाबरोबर फिरणारे बिडाचे पोकळ भांडे म्हणजे ड्रम. त्याच्या आत न फिरणारे, कमानीसारखे दोन ‘शू’ असतात. त्यांवर घर्षणासाठी लायनर बसवलेले असतात. पेडल दाबले की दाबाखालची हवा बूस्टरमध्ये शिरते. तेथील दांडा बाहेर सरकून ‘स्लॅक अॅडजस्टर’ नावाची तरफ फिरवतो. तरफेला जोडलेला, इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा कॅम फिरून शू फाकवतो आणि लायनर ड्रमला घासू लागतात.

सारी गोम आहे ती लायनर आणि ड्रम यांच्यामधल्या फटीत. लायनर झिजला की फट वाढते आणि दांड्याला अधिक सरकावे लागते. पण त्याची धाव ठरावीकच असते. शिवाय दांडा आणि तरफ यांच्यात काटकोन असताना फिरवण्याचा जोर सर्वांत अधिक असतो. दांडा फार पुढे गेला की तोही घटतो. त्यातच ड्रम तापून प्रसरण पावतो. ४०० मिलिमीटर व्यासाचा ड्रम २०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे ०.९ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे लायनरपासून तो आणखी दूर जातो. म्हणूनच सपाट रस्त्यावर ठीक वाटणारा ढिला ब्रेक लांब उतारावर दगा देतो.

ट्रेलरच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. पुढची ओढणारी गाडी थांबू लागली आणि मागचे ब्रेक ढिले असले, तर मागचे ओझे तिला ढकलते. मग दोन्ही भाग जोडापाशी कात्रीसारखे दुमडू शकतात.

तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावतात आणि मगच हँडब्रेक सोडतात. ब्रेक थंड असावे लागतात. एक जण पेडल दाबतो. दुसरा दांडा किती सरकला ते पट्टीने मोजतो. एका आसाच्या डाव्या-उजव्या चाकांची मापे सारखी हवीत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. लायनर किती उरला आहे, ड्रमला तडे गेले आहेत काय, ग्रीस पाझरले आहे काय, हेही पाहतात. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून ती हवेने उडवू नये.

फट कमी करण्यासाठी चाक जॅकने उचलून भक्कम आधारावर ठेवतात. लायनर ड्रमला टेकेपर्यंत अॅडजस्टरचा नट फिरवतात व नंतर थोडा उलटा फिरवतात. चाक हाताने मोकळे फिरले पाहिजे. फार आवळले तर ब्रेक सतत घासून तापत राहतो. नव्या गाड्यांत हे काम आपोआप होते. अशा गाडीचा ब्रेक वारंवार हाताने आवळावा लागत असेल, तर दोष दुसरीकडे आहे असे समजावे. हे काम अर्थातच जाणत्या मेकॅनिकचे.

तुम्ही मात्र आपली सायकल पाहा. ब्रेकची मूठ किती दाबल्यावर रबर रिमला टेकते, ते पट्टीने मोजा. महिन्याभराने पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक कशामुळे पडला, ते आता तुम्हाला सांगता येईल.