बुडता त्रिभुज प्रदेश आणि गाळाचा प्रश्न

त्रिभुज प्रदेश ही एकदाच घडून पुरी झालेली भूमी नव्हे. ताजा गाळ स्वतःच्या भाराने दबतो व जमीन खचते. दर पुराबरोबर येणारा नवा गाळ ती तूट भरून काढतो. अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या मुखाशी हा हिशेब बिघडला आहे. १९२७ च्या महापुरानंतर नदीचे बांध अधिक उंच व भक्कम करण्यात आले. गावे सुरक्षित झाली. परंतु पुराबरोबर गाळही अडला. वरच्या अंगाच्या धरणांनी गाळ आणखी घटविला, तर तेलासाठी खणलेल्या चरांतून खारे पाणी दलदलीत शिरले. परिणामी १९३२ ते २०१६ या काळात लुइझियानाच्या किनाऱ्यावरील सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर भूमी नाहीशी झाली.

यावर मुख्य उपाय दोन. वाळू व गाळ उपसून भर घालणे हा पहिला. त्याचे फळ त्वरित दिसते, पण ही भरही कालांतराने खचते. बांधाला दारे ठेवून गढूळ पाणी दलदलीत सोडणे हा दुसरा. पूरनियंत्रणासाठी खणलेल्या वॅक्स लेक प्रवाहमार्गाच्या मुखाशी १९७३ च्या पुरानंतर नवी भूमी वर आली, हा त्यास आधार होय. तथापि गोड्या पाण्याने तेथील शिंपले व कोळंबी यांची पैदास धोक्यात येते. बॅराटेरिया खोऱ्यातील अशा योजनेचे काम २०२३ मध्ये सुरू झाले. वाढता खर्च व मच्छीमारांची उपजीविका ही कारणे पुढे करून राज्यशासनाने २०२५ मध्ये ती रद्द केली. मात्र योजना थांबली तरी जमिनीचे खचणे थांबत नाही. आणि भूमीच उरली नाही, तर त्या मच्छीमारांची गावेही उरणार नाहीत.