ऐच्छिक म्हणजे अनिश्चित नव्हे

संगणकावरील कार्यक्रम आणि पडद्यावर चित्र रेखणारी चिप यांच्यामध्यें एक मध्यस्थ असतो; त्यास ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. लिनक्सवरील असंख्य संगणकांत हें काम 'मेसा' हा ड्रायव्हरांचा संग्रह करतो. ब्रायन पॉल यांनीं १९९३ सालीं त्यास आरंभ केला. त्याचा मूळ मजकूर सर्वांस खुला असल्यामुळें त्यापासून चालता ड्रायव्हर कोणासही स्वतः बांधतां येतो. बांधतांना एक प्रश्न मात्र हमखास उभा राहतो: एलएलव्हीएम सोबत घ्यावा, कीं वगळावा?

कंपायलर हा दुभाषा होय. माणसानें लिहिलेल्या आज्ञा तो यंत्राच्या भाषेंत उतरवितो. एलएलव्हीएम हें असे कंपायलर रचण्याचें साहित्य असून इलिनॉय विद्यापीठांत २००० सालीं त्याचा उगम झाला. ड्रायव्हरला तें कशास हवें? छायाप्रकाशाचे हिशेब सांगणाऱ्या 'शेडर' नांवाच्या लहान आज्ञावल्या खेळ चालू असतांनाच भाषांतरित कराव्या लागतात, म्हणून. जेथें ग्राफिक्स चिपच नाहीं, तेथें मेसांतील 'एलएलव्हीएमपाइप' मुख्य प्रोसेसरकडूनच चित्रें काढवून घेतो. तो नसल्यास 'सॉफ्टपाइप' उरतो, आणि तो फारच मंद आहे.

ही गरज सर्वत्र सारखी नाहीं. एएमडी चिपांच्या 'रॅडव्ही' ड्रायव्हरला पूर्वीं एलएलव्हीएमवांचून गत्यंतर नव्हतें. व्हाल्व्ह कंपनीच्या साह्यानें घडलेला एसीओ कंपायलर २०१९ सालीं मेसांत आला व २०२० मध्यें रॅडव्हीचा नेहमींचा कंपायलर ठरला. कालची आवश्यक वस्तु अशी ऐच्छिक झाली.

बांधणीची तयारी करणाऱ्या 'मेसन' या साधनास तीन उत्तरें देतां येतात. 'एनेबल्ड' म्हणजे घ्याच, न मिळाल्यास थांबा; 'डिसेबल्ड' म्हणजे असला तरी नको; आणि 'ऑटो' म्हणजे मिळाल्यास घ्या, न मिळाल्यास शक्य तेथवर त्यावांचून चालवा. हें तिसरें उत्तर सोयीचें वाटतें, आणि स्वतःच्या यंत्रापुरतें तें चालतेंहि. पण ड्रायव्हर दुसऱ्यास द्यावयाचा असेल, तर तेंच घातक ठरतें. आपल्या यंत्रावर एलएलव्हीएम सहज पडून होता, म्हणून ड्रायव्हर त्याशीं जोडला गेला. घेणाऱ्याकडे त्याची ती आवृत्ति नाहीं, आणि ड्रायव्हर सुरूच होत नाहीं. उलटहि घडतें: एलएलव्हीएम सांपडला नाहीं, तरी बांधणी बिनतक्रार पुरी झाली, आणि चिप नसलेल्या एखाद्या संगणकावर चित्रें गोगलगायीच्या गतीनें सरकूं लागलीं. चूक एकाची, त्रास दुसऱ्यास; आणि त्याचें कारण त्या बिचाऱ्यास दिसत नाहीं!

एलएलव्हीएम बांधण्यास वेळ व जागा पुष्कळ लागते. लहान यंत्रासाठीं तो वगळणें शहाणपणाचेंहि असेल. मात्र 'घ्या' किंवा 'नको' हें स्पष्ट सांगावें, आणि तयारीच्या शेवटीं मेसन जो गोषवारा दाखवितें तो डोळ्यांखालून घालावा. निवड आपल्या हातीं आहे, इतकाच ऐच्छिक या शब्दाचा अर्थ. ती यंत्रावर सोंपवावी, असा नव्हे.