एका गाण्याचे तीन धनी

चित्रपटात वाजणारे गाणे ऐकायला एकच असले, तरी कायद्याने त्याचे तीन भाग पडतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात शब्दांचा कर्ता गीतकार, चालीचा संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे ते करून घेणारा निर्माता. पुढे करारांमुळे हे हक्क हात बदलतात आणि बऱ्याचदा म्युझिक कंपनीकडे जमा होतात. पदरचे पैसे घालून चित्रपट करणाऱ्याला म्हणूनच एका गाण्यासाठी दोन-तीन दारे वाजवावी लागतात. शब्द आणि चाल दृश्याला जोडण्याच्या परवानगीला धंद्यात ‘सिंक’ म्हणतात. मूळ गायकाचाच आवाज हवा असेल, तर ‘मास्टर’ची, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची, परवानगी वेगळी काढावी लागते.

तिन्ही हक्कांची मुदतही एकाच दिवशी संपत नाही. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो, तर ध्वनिमुद्रणावरचा प्रकाशनानंतर ६० वर्षे. दोन्हींची मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. १९६० च्या ‘जगाच्या पाठीवर’ या चित्रपटाची गाणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांचे. त्या वर्षी निघालेल्या तबकडीची मुदत २०२० अखेर संपली. पण माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणून शब्द २०३७ अखेरपर्यंत राखीव आहेत. फडके २००२ साली गेले, म्हणून चाल २०६२ अखेरपर्यंत. तबकडी मोकळी झाली तरी गाणे मोकळे झालेले नाही.

उलट उदाहरण ‘संगीत मानापमान’चे. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची पदे कृ. प्र. खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. खाडिलकर १९४८ साली गेले, टेंबे १९५५ साली. त्यामुळे २०१६ पासून ही पदे कुणालाही नव्याने गाऊन घेता येतात, कुणाला एक रुपयाही न देता. मात्र एखाद्या आजच्या गायकाने केलेले त्यांचे ध्वनिमुद्रण उचलता येत नाही. जुन्या नाट्यसंगीताचा हा ठेवा कमी खर्चात चित्रपट करणाऱ्यांनी अजून पुरेसा वापरलेला नाही, हे खटकते.

याच टेंब्यांनी १९३२ साली कोल्हापुरात ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ला संगीत दिले आणि हरिश्चंद्राची भूमिकाही केली. चित्रपटांच्या धंद्यात मात्र निर्मात्याने मोबदला देऊन काम करून घेतले की हक्कही त्याचेच, ही समजूत पुढे पक्की झाली आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानेही तिला बळ मिळाले. २०१२ च्या दुरुस्तीने ती बदलली. चित्रपटगृहातले प्रदर्शन सोडून गाण्याचा इतरत्र जो वापर होईल, त्याच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांचा समान वाटा राहतो आणि तो करारानेही काढून घेता येत नाही. ही न्याय्य दुरुस्ती होती, आणि छोट्या निर्मात्यालाही ती पाळावी लागते.

गाण्याच्या निवडीची खरी अडचण संकलनाच्या टेबलावर सुरू होते. दृश्य कापताना सोय म्हणून एखादे गाजलेले गाणे खाली लावले जाते. महिनाभर ते ऐकून कान त्यालाच सरावतात आणि दुसरे काही पटेनासे होते. मग हक्काची किंमत कळते, तोवर दृश्याची लयच त्या गाण्यावर बेतलेली असते. परवानगीची विचारणा संकलन पक्के होण्याआधीच व्हायला हवी. पत्राला उत्तर न येणे म्हणजे होकार नव्हे, आणि तीस सेकंदांपर्यंत वापर चालतो, या समजुतीलाही कायद्यात आधार नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (२०१४) दुसरी वाट दाखवली. कथेच्या केंद्रस्थानी लोकशाहीर, आणि संगीत संभाजी भगत यांचे, जे स्वतःच शाहीर आहेत. त्यामुळे गाणे कथेच्या पोटातूनच आले.

कोल्हापूरला लागून असलेल्या गडमुडशिंगीसारख्या गावात चित्रीकरण करणाऱ्याला ही वाट सर्वांत जवळची आहे. हलगी-घुमके-कैताळ, धनगरी ढोल, भजनी मंडळ, बँड या पंचक्रोशीत मिळण्यासारखे आहेत. पारंपरिक ओवीवर कुणाचा हक्क नसतो. पण ती गाणाऱ्या बाईचा कलावंत म्हणून हक्क असतो आणि तो ५० वर्षे टिकतो. हलगीवाल्यांना सुपारी देऊन वाजवून घेतले आणि बिदागी हातावर ठेवली, एवढ्याने व्यवहार पुरा होत नाही. त्यांची लेखी संमती हवी, श्रेयनामावलीत प्रत्येकाचे नाव हवे. बँडवाल्यांनी एखाद्या चित्रपटगीताची धून वाजवली, तर त्या चालीची परवानगी वेगळी लागते. लग्नाच्या वरातीत गाणे वाजवायला कायद्याने सवलत दिली आहे; चित्रपटासाठी उभ्या केलेल्या वरातीला ती मिळत नाही. म्हणून असे प्रसंग मूक चित्रित करून संगीत नंतर चढवणे सोयीचे.

कागद करताना दोन रकाने रिकामे ठेवू नयेत: मुदत आणि प्रदेश. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. असा कागद घेऊन चित्रपट परदेशी महोत्सवाला गेला, की तिथे परवानगी लागू नसते. पैसे तोकडे असतील तर आधी फक्त महोत्सवांपुरती स्वस्त परवानगी घेता येते. पण त्याच वेळी चित्रपटगृह, ओटीटी आणि दूरचित्रवाणीची पुढची रक्कम लिहून ठेवावी. चित्रपट नावाजला गेल्यावर भाव वाढतो.

इंटरनेटवरच्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याच्या संगीतालाही अटी असतात. परवान्यावर ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नाही. ‘एनडी’ असेल तर दृश्याला जोडणेच चालत नाही, कारण त्या परवान्यात तो बदल समजला जातो.

शेवटी ‘क्यू शीट’ तयार करतात. कोणते संगीत कितव्या मिनिटाला, किती सेकंद, गीतकार-संगीतकार कोण, हक्क कुणाकडे, याची ती यादी असते. चित्रपट विकत घेणारी वाहिनी किंवा ओटीटी कंपनी ही यादी आणि सगळे करार मागते, आणि तिच्यावरूनच पुढे रॉयल्टीचे वाटप होते.