‘भप्प’ करून पेटणारा गिझर

थंडी पडू लागली की फजरच्या वुजूसाठी आणि गुस्लसाठी घरोघरी गॅस गिझर सुरू होतात. काही घरांत पहाटे पहाटे ‘भप्प’ असा दणका ऐकू येतो. विचारले तर उत्तर मिळते, “आमचा असाच पेटतो.” आमचे म्हणणे आहे की चांगला गिझर असा पेटत नाही.

नळ सोडला की पाण्याच्या जोराने गिझरच्या आतला रबरी पडदा सरकतो, सेलवर ठिणगी उडू लागते आणि गॅसची झडप उघडते. टिक-टिक ऐकू येते ती ठिणगीची. दोन-तीन टिकटिकीत ज्योत लागली तर सारे ठीक. ठिणगी कमजोर असेल, तर गॅस आधी साचतो आणि मग एकदम पेट घेतो. तोच हा ‘भप्प’. पुष्कळदा दोष सेलचा असतो. दोन्ही सेल एकदम नवे घालावेत; एक नवा आणि एक रिमोटमधून काढलेला, ही काटकसर इथे नको. तरीही आवाज राहिला, तर बर्नरवर धूळ-जाळी बसली असेल किंवा ठिणगीची काडी जागची हलली असेल. ते काम मेकॅनिकचे. तो येईपर्यंत पाणी शेगडीवर तापवावे.

नुसती टिक-टिक होऊन ज्योत लागतच नसेल, तर सिलिंडर संपला आहे का ते पाहावे. ज्योत लागून पुन्हा पुन्हा विझत असेल, तर बहुधा टाकी फार उंचावर नसल्याने पाण्याला जोर नाही. किटलीसारखी गुणगुण येत असेल, तर बोअरच्या जड पाण्याचे क्षार आतल्या नळ्यांत साचले आहेत. ते साफ करून घ्यावे लागतात.

मात्र सर्वांत घातक गोष्टीला आवाज नाही आणि वासही नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. पण हवा कमी पडून अर्धवट जळताना जो कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, तो कळत नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा तो दोनशेहून अधिक पट सहज बळकावतो. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात आणि कडी काढण्याचेही त्राण राहत नाही. निळी ज्योत पिवळी दिसू लागली किंवा गिझरच्या वरच्या भागावर काजळी धरली, तर गिझर त्याच क्षणी बंद करावा.

ईदची सकाळ आठवा. एकामागून एक पाच-सहा जण गुस्ल करतात, खिडकी थंडीमुळे बंद, गिझर आतच जळतो आहे. पहिल्याला काही होत नाही. शेवटी जाणाऱ्याच्या वाट्याला साचलेली सगळी हवा येते. आणि शेवटी कोण जाते? स्वयंपाकघरातून सर्वांत उशिरा सुटलेली घरातली बाईच. रात्री झोपताना आग विझवण्याची ताकीद हदीसमध्ये आहे, ती आपल्या घरांत ठाऊक असते. ही न्हाणीतली आग मात्र कुणी आग मानतच नाही.

गिझर न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत बसवून आत फक्त नळ घ्यावा, हाच खरा इलाज. तोवर बादली भरावी, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच आत जावे. आतून कुणी ओ देत नसेल, तर दार तोडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि 108 ला फोन लावावा. गॅसचा वास येत असेल, तर दिव्याचे बटणही दाबू नये. रेग्युलेटर बंद करून, खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि बाहेरूनच 1906 वर कळवावे.