कान वाहणारे मूल आणि शिक्षक
हाक मारूनही ओ न देणारे मूल दुर्लक्षी अथवा मंद आहे, असा ग्रह शिक्षकांनी घाईने करून घेऊ नये. पुष्कळदा त्याचा कान वाहत असतो. घशाची मागील बाजू व मध्यकर्ण यांना जोडणारी नळी लहान वयात आखूड व आडवी असते. त्यामुळे पडशातील जंतू मध्यकर्णात शिरतात, पू साचून ठणका लागतो व कधी पडदा फुटून कान वाहू लागतो.

डॉक्टरांनी प्रतिजैविक औषध दिले असल्यास ठणका थांबला तरी मात्रा पुरी करावी. घरगुती उपायांपैकी कोरड्या उबदार फडक्याने बाहेरून शेकण्यास हरकत नाही. त्याने आराम वाटतो, जंतू मात्र मरत नाहीत. लसणीचे तेल अथवा पाल्याचा रस कानात घालणे अपायकारक होय, कारण फुटलेल्या पडद्यातून ते आत उतरते.

दोन आठवड्यांहून अधिक वाहणाऱ्या कानामुळे श्रवणशक्ती कायमची उणावू शकते. कानामागे सूज, उलट्या किंवा मान ताठणे दिसताच त्याच दिवशी पालकांकरवी मुलास रुग्णालयात न्यावे. एरवी मुलास पुढे बसवावे, विहिरीत पोहू देऊ नये आणि २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येताच त्याचा कान अवश्य दाखवावा.