मनारोचा नकाशा

नैर्ऋत्य पॅसिफिकमधल्या व्हानुआतू या द्वीपराष्ट्रात अंबाए नावाचे बेट आहे. (आपल्या आंब्याशी या नावाचा काही संबंध नाही.) बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एकच विस्तीर्ण ज्वालामुखी, मनारो. माथ्यावर वूई हे आम्लधर्मी सरोवर आहे. वर पाणी आणि त्याच्या तळाशी ज्वालामुखीचे जागृत मुख. पाण्याने आग विझते हा आपला रोजचा अनुभव. इथे उलटे घडते. तप्त शिलारस पाण्याला भिडला की त्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो आणि राख मिसळलेल्या पाण्याचे लोंढे ओढ्यांतून खालच्या गावांकडे धावतात.

१९९५ मध्ये सरोवरात असे स्फोट झाले, भूकंपमापकांवरही हालचाल दिसली. शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा केला, काही लोकांना हलवण्याचा प्रयत्नही झाला. तो बहुतांशी फसला. गावकऱ्यांना या सगळ्याचा संशय आला. मनारो हे पूर्वजांच्या आत्म्यांचे ठिकाण मानणाऱ्या माणसाला, बाहेरून आलेल्या कागदावरचे रंगीत पट्टे पटतील का? अडाणीपणा म्हणून हे झटकून टाकणे सोपे होते.

न्यूझीलंडचे शेन क्रोनिन आणि व्हानुआतूचे डग्लस चार्ली यांच्यासह एका गटाने ते झटकले नाही. त्यांनी गावांत कार्यशाळा घेतल्या. लोकांच्या पारंपरिक ज्ञानाला विज्ञानाशेजारी बसवून, त्यांना बरोबर घेऊन धोक्याचे नियोजन केले. २००४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा शोधनिबंध मला या विषयातला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्याची सुरुवातच आधीच्या अपयशापासून होते.

२००५ च्या उद्रेकात हजारो लोक बेटावरच सुरक्षित टोकांकडे सरकले. सप्टेंबर २०१७ मध्ये इशाऱ्याची पातळी चारवर नेण्यात आली आणि सुमारे अकरा हजार माणसे, म्हणजे जवळपास अख्खे बेट, बोटींतून शेजारच्या बेटांवर गेली. महिन्याभराने ती परतली.

जुलै २०१८ मध्ये पुन्हा तेच. या वेळी राख जास्त होती. छपरे वाकली, पावसाच्या पाण्याच्या टाक्या खराब झाल्या, अळकुड्या-कोनफळांचे मळे गाडले गेले. दुसऱ्यांदा घर सोडा म्हटल्यावर अनेकांचे पाय निघेनात. शेजारच्या माएवो बेटावर ‘दुसरे घर’ वसवण्याची योजना सरकारने मांडली. पण व्हानुआतूच्या राज्यघटनेनुसार जमीन परंपरागत मालकांची आणि त्यांच्या वंशजांची असते. माएवोची जमीन माएवोकरांची. तिथे अंबाएच्या माणसाने कोणाच्या परवानगीने आणि किती वर्षांसाठी कंद लावायचा, हे इशाऱ्याच्या शून्य ते पाच पातळ्यांत कुठेच बसत नाही.

वर्षअखेरीस परतण्याची मुभा मिळाली. लोक राखेने भरलेल्या मळ्यांकडे परत आले.